टायरिक हिल प्रकरण आणि गाडी अडवल्यानंतर पोलिसांनी वापरलेले बळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायामीत अमेरिकन फुटबॉलपटू टायरिक हिल याला सामन्याला जाताना पोलिसांनी गाडीतून ओढून जमिनीवर पाडले, त्या घटनेची चित्रफीत अमेरिकेतल्या मराठी घरांत आजही निघते, विशेषतः जिथे मुलाने किंवा मुलीने नुकताच वाहन परवाना काढला आहे अशा घरांत. त्यावर जे प्रश्न हमखास विचारले जातात त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. हा कायदेशीर सल्ला नाही. प्रत्यक्ष प्रसंग ओढवल्यास आपल्या राज्यातल्या वकिलाकडेच जावे.

त्या सकाळी नेमके काय घडले?

८ सप्टेंबर २०२४ हा रविवार होता आणि मायामी डॉल्फिन्स संघाचा हंगामातला पहिला सामना त्या दुपारी जॅक्सनव्हिल जॅग्वार्सशी होता. सकाळी सव्वादहाच्या सुमारास हिल आपली मॅक्लॅरेन गाडी चालवत मायामी गार्डन्समधल्या हार्ड रॉक स्टेडियमकडे येत होता. स्टेडियम हाकेच्या अंतरावर असताना मायामी-डेड पोलीस खात्याच्या मोटारसायकलस्वार पोलिसांनी त्याला अडवले. गाडी वेगात होती, असे त्यांचे म्हणणे होते. ताशी ६० मैल हा जो आकडा पुढे आला तो यंत्राने मोजलेला नव्हता. तो नजरेने केलेला अंदाज होता.

पुढचे सगळे पोलिसांच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यांत टिपले गेले आहे. पोलीस काचेवर ठोठावतो. हिल काच खाली करतो, परवाना देतो आणि काचेवर असे ठोठावू नका, हे पुन्हा पुन्हा सांगतो. पावती द्या आणि मला जाऊ द्या, उशीर होतो आहे, असेही तो म्हणतो आणि मग काळी काच वर करतो. पोलीस परत ठोठावतो, काच खाली ठेव नाहीतर बाहेर काढीन असे बजावतो आणि त्याच दमात बाहेर ये म्हणतो. दुसरा पोलीस पुढे सरसावतो. दार उघडते, हिल आपण उतरत आहोत असे सांगत असतो, आणि तेवढ्यात त्याला धरून बाहेर ओढले जाते. तोंड खाली, हात पाठीमागे, मनगटांत बेड्या आणि पाठीच्या मधोमध एका पोलिसाचा गुडघा, अशा अवस्थेत तो रस्त्यावर पडलेला दिसतो. काच वर जाणे आणि माणूस जमिनीवर येणे यांत फार थोडा वेळ जातो.

यानंतरचा प्रसंग कमी जणांच्या लक्षात राहतो, पण माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. बेड्या घातलेल्या हिलला पदपथाशी नेऊन खाली बसायला सांगितले जाते. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, असे तो सांगतो. तेव्हा एक पोलीस मागून येऊन छातीच्या वरच्या भागाभोवती, मानेच्या अगदी लगत, हात आवळतो आणि त्याला खाली खेचतो. काच खाली करायला सांगितले तेव्हा कानांचीही शस्त्रक्रिया झाली होती का, असा सवाल याच वेळी त्याला केला जातो.

थोड्या वेळाने हिलला सोडण्यात आले. निष्काळजीपणे गाडी चालवणे आणि सीटबेल्ट न लावणे, या दोन पावत्या त्याच्या हातात होत्या. तो सामना खेळला, ८० यार्डांचा टचडाउन केला आणि दोन्ही हात पाठीमागे घेऊन बेड्या घातल्यासारखा उभा राहिला. सहकारी जेलन वॉडलने त्या बेड्या सोडवल्याचा अभिनय केला. डॉल्फिन्स २०-१७ असे जिंकले.

काच वर करायला नको होती, मग चूक त्याचीच नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याचा सूर बहुधा ‘टाळी एका हाताने वाजत नाही’ असा असतो. काच खाली ठेवली असती तर बरे झाले असते, हे हिलने स्वतः नंतर मान्य केले आहे. तो उद्धटपणे बोलला, हेही खरे. काळ्या काचेआड चालकाचे हात दिसत नाहीत आणि पोलिसाला त्याची धास्ती वाटते, हेही समजण्यासारखे आहे. अमेरिकेत गाडी अडवताना पोलिसांवर गोळ्या झाडल्या गेल्याच्या घटना घडल्या आहेत आणि त्यांचे प्रशिक्षण त्या भीतीवरच उभे आहे.

पण चूक कोणाची आणि शिक्षा कोणती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. उद्धटपणा हा धोका नव्हे. माणूस परवाना देऊन बसला आहे, पावती द्या म्हणतो आहे, पळून जात नाही, हात उगारत नाही. अशा माणसाला जमिनीवर पालथे पाडून त्याच्या पाठीवर गुडघा रोवण्याची गरज कशाने निर्माण झाली, याचे उत्तर ‘तो नीट बोलला नाही’ हे असू शकत नाही. आपल्याकडेही वर्दीपुढे मान तुकवावी, उगाच कशाला वाद घालावा, असे घरातली मोठी माणसे सांगत आली आहेत. तो व्यवहारी शहाणपणा आहे आणि मीही मुलांना तेच सांगतो. मात्र त्या शहाणपणाला कायद्याची मोजपट्टी मानले, की मार खाणाऱ्यालाच जाब विचारण्याची सवय जडते.

चालकाला गाडीतून उतरवण्याचा अधिकार पोलिसांना आहे का?

आहे. पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स या १९७७ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की गाडी कायदेशीर कारणाने अडवलेली असेल तर पोलीस चालकाला बाहेर यायला सांगू शकतात आणि त्यासाठी वेगळे कारण द्यावे लागत नाही. १९९७ मध्ये हाच नियम सहप्रवाशांनाही लागू झाला. म्हणून हिलला उतरायला सांगणे बेकायदा होते, असे म्हणता येत नाही. आदेश देण्याचा अधिकार असणे आणि तो आदेश काही क्षणांत हातघाईने अमलात आणणे, यांतला फरक मात्र पुढच्या उत्तरात येतो.

बळ किती वापरावे, हे कायदा कसे ठरवतो?

याची मुख्य कसोटी ग्रॅहम विरुद्ध कॉनर या १९८९ च्या निकालातून आली आहे. त्या खटल्यामागची हकिगत सविस्तर सांगण्याजोगी आहे, कारण तीही एका अडवलेल्या गाडीचीच आहे.

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट शहरात १९८४ च्या नोव्हेंबरात डीथॉर्न ग्रॅहम या मधुमेही गृहस्थाची साखर उतरू लागली. मित्राला गाडी काढायला लावून तो संत्र्याचा रस घ्यायला दुकानात गेला, पण तिथली रांग पाहून घाईघाईने परत फिरला. ती लगबग एका पोलिसाला संशयास्पद वाटली आणि त्याने मित्राची गाडी अडवली. ग्रॅहम गाडीतून उतरला, गाडीभोवती दोन फेऱ्या धावला, पदपथाच्या कडेला बसला आणि काही क्षण त्याची शुद्ध हरपली. तो दारू प्यायला आहे असे समजून पोलिसांनी त्याला बेड्या घातल्या, त्याचे तोंड गाडीच्या बॉनेटवर दाबले आणि त्याला डोक्याकडून पोलीस गाडीत फेकले. एका ओळखीच्याने संत्र्याचा रस आणला, तोही त्याला घेऊ दिला नाही. त्याने गुन्हा केला नव्हता. पायाचे हाड मात्र मोडले होते.

सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात ठरवले, की त्या जागी उभा असलेला एक वाजवी विचाराचा पोलीस अधिकारी तसेच वागला असता का, हे पाहावे. त्यासाठी तीन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे : गुन्हा किती गंभीर होता, त्या व्यक्तीपासून पोलिसांना किंवा इतरांना तत्काळ धोका होता का, आणि ती व्यक्ती अटकेला विरोध करत होती किंवा पळू पाहत होती का. पोलिसांना क्षणार्धात निर्णय घ्यावे लागतात, याचीही दखल घ्यावी, असे न्यायालयाने बजावले. हे शेवटचे वाक्य गेली साडेतीन दशके पोलिसांच्या बचावाचा आधारस्तंभ ठरले आहे. खुद्द ग्रॅहमच्याही पदरी, खटला पुन्हा चालल्यावर, ज्युरीकडून काही पडले नाही.

आता हीच पट्टी हिलला लावून पाहावी. आरोप वाहतुकीचा, फ्लोरिडाच्या कायद्यात ज्याला फौजदारी गुन्हाही म्हणत नाहीत असा. तत्काळ धोका चित्रफितीत दिसत नाही. पळण्याचा प्रयत्न नाही. विरोध म्हणावा तर काच वर करणे आणि उतरायला किंचित वेळ लावणे एवढाच. पदपथाशी घडलेल्या प्रसंगात तर तोही राहत नाही, कारण तेव्हा हात बांधलेले होते, आजूबाजूला अनेक पोलीस होते आणि क्षणार्धात निर्णय घेण्याची निकड कुठेच नव्हती. म्हणूनच मी वर त्याला अधिक गंभीर म्हटले.

कॅलेस कॅम्पबेलला बेड्या का घातल्या?

कॅम्पबेल हा तेव्हा डॉल्फिन्सचा ज्येष्ठ बचावपटू होता. सहकारी जमिनीवर पडलेला पाहून तो गाडी थांबवून उतरला आणि प्रकरण शांत करण्याच्या हेतूने जवळ गेला, असे त्याचे सांगणे आहे. दूर होण्याचा आदेश पाळला नाही, हे कारण देऊन त्यालाही काही काळ बेड्या घालण्यात आल्या. १ जानेवारी २०२५ पासून फ्लोरिडात एक नवा कायदा लागू आहे : कर्तव्य बजावणाऱ्या पोलिसाने ताकीद दिल्यावर कोणी त्रास देण्याच्या किंवा अडथळा आणण्याच्या हेतूने २५ फुटांच्या आत आले किंवा थांबले, तर तो गुन्हा ठरतो. तेव्हा मध्यस्थी करायला धावून जाण्याची आपली सहज प्रवृत्ती तिथे आवरावी लागते. दुरून चित्रीकरण करावे.

पोलिसांची बाजू काय होती?

पोलीस संघटनेच्या अध्यक्षांनी सांगितले, की हिलने सुरुवातीला सहकार्य केले नाही, पोलिसांनी धोरणानुसार बेड्या घातल्या, आणि बसायला तयार नसल्यामुळे त्याला जमिनीकडे ‘वळवण्यात’ आले. हा शब्द मुद्दाम इथे देत आहे. चित्रफीत नसती तर कागदोपत्री हाच शब्द उरला असता. घटनेतल्या एका अधिकाऱ्याला त्याच दिवशी रस्त्यावरच्या कामावरून काढून कार्यालयीन कामावर बसवण्यात आले आणि खात्याच्या तत्कालीन संचालक स्टेफनी डॅनियल्स यांनी अंतर्गत चौकशी सुरू केली. त्या अधिकाऱ्याच्या वकिलाने त्याला तत्काळ पूर्ववत कामावर घेण्याची मागणी केली. हिलच्या वकिलाने त्याला बडतर्फ करण्याची.

हिलच्या पूर्वायुष्याचे काय?

विद्यार्थी असताना, २०१४ मध्ये, त्याला गरोदर मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल अटक झाली होती. पुढच्या वर्षी त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला तीन वर्षे देखरेखीखाली राहण्याची शिक्षा झाली. तो गुन्हा गंभीरच होता आणि त्याची आठवण ठेवणाऱ्यांना मी दोष देत नाही. परंतु सीटबेल्टच्या पावतीसाठी किती बळ लागते, याचे उत्तर त्यातून निघत नाही.

इतर खेळाडूंच्या बाबतीत असे घडले आहे का?

अनेकदा, आणि त्यांपैकी एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. मार्च २००९ मध्ये ह्यूस्टन टेक्सन्सचा खेळाडू रायन मोट्स पत्नीसह टेक्सासमधल्या प्लेनो इथल्या रुग्णालयाकडे निघाला होता, कारण त्याच्या सासूबाई अखेरच्या घटका मोजत होत्या. लाल दिव्यापाशी त्याने गाडी थांबवून, पाहून, पुढे काढली. मागावर आलेल्या डॅलसच्या पोलिसाने रुग्णालयाच्या वाहनतळावर पिस्तूल बाहेर काढले. पत्नी न थांबता आत धावली. मोट्सला मात्र सुमारे १३ मिनिटे तिथेच रोखून धरले. आतून परिचारिका येऊन सांगत होती, एका सहकारी पोलिसानेही सांगितले, तरी पावती लिहिणे चालूच राहिले. मोट्स आत पोहोचला तेव्हा सासूबाई गेल्या होत्या. इथे कोणी कोणाला पाडले नाही. तरी पिस्तूल रोखणे हाही बळाचाच वापर आहे. त्या पोलिसाने पुढे राजीनामा दिला.

जानेवारी २०१८ मध्ये मिलवॉकी बक्सचा बास्केटबॉलपटू स्टर्लिंग ब्राउन याने रात्री दोनच्या सुमारास औषधांच्या दुकानासमोर अपंगांच्या राखीव जागेत आडवी गाडी लावली होती. प्रकरण वाढत जाऊन पोलिसांनी त्याला टेझरचा, म्हणजे विजेच्या पिस्तुलाचा, झटका दिला. २०२१ मध्ये शहराने साडेसात लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि त्याच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाल्याची कबुलीही दिली. कबुलीशिवाय मिळणारी आधीची रक्कम ब्राउनने नाकारली होती, हे त्याच्याविषयी आदर वाढवणारे आहे.

हे केवळ अमेरिकेत घडते असेही नाही. जुलै २०२० मध्ये लंडनच्या मेडा व्हेल भागात धावपटू बियांका विल्यम्स आणि तिचा जोडीदार रिकार्डो दोस सांतोस यांना घराबाहेर गाडीतून उतरवून बेड्या घातल्या गेल्या. मागच्या सीटवर त्यांचे तीन महिन्यांचे बाळ होते. २०२३ मध्ये दोन पोलिसांना बडतर्फ करण्यात आले, पुढच्या वर्षी अपिलात ते पुन्हा सेवेत आले.

अंगावरच्या कॅमेऱ्यांमुळे खरोखर काही फरक पडतो का?

पडतो, आणि तो शेजारी ठेवलेल्या दोन घटनांत दिसतो. हिलच्या आधी चारच महिने, १७ मे २०२४ च्या पहाटे, जागतिक अग्रमानांकित गोल्फपटू स्कॉटी शेफलर याला लुइव्हिल इथे व्हॅल्हाला मैदानाच्या प्रवेशद्वाराशी अटक झाली. गाडीने पोलिसाला फरफटत नेले, हा त्याच्यावरचा आरोप गंभीर होता. पण अटक करणाऱ्या पोलिसाने कॅमेरा सुरूच केला नव्हता. मूळ क्षणाचे त्याच्या बाजूचे चित्रण नाही म्हणून शब्दावर शब्द उभा राहिला, आणि २९ मे रोजी सर्व आरोप मागे घेण्यात आले. मायामीत मात्र सहा अधिकाऱ्यांच्या कॅमेऱ्यांतले चित्रण खात्याने दुसऱ्याच दिवशी जाहीर केले. त्यामुळे ‘सहकार्य केले नाही’ म्हणजे नेमके काय, हे प्रत्येकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले.

एवढ्या तातडीने चित्रण बाहेर येणे हे हिलच्या नावामुळे घडले, असे मला वाटते. तो स्वतः सामन्यानंतर म्हणाला, की मी टायरिक हिल नसतो तर काय झाले असते? २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या मॅडिसन इथे गुजरातहून नातवाला सांभाळायला आलेले एक आजोबा पायी फेरफटका मारत होते. इंग्रजी येत नसल्याने त्यांना आदेश समजले नाहीत आणि पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले. त्यांच्या मणक्याला जबर इजा झाली. पोलीस गाडीतला कॅमेरा चालू होता म्हणूनच आपल्याला ते कळले. त्या पोलिसाची फौजदारी खटल्यातून सुटका झाली, नुकसानभरपाईची तडजोड व्हायला २०२१ उजाडले.

हिलवरच्या पावत्यांचे काय झाले?

नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन्ही रद्द झाल्या, कारण सुनावणीला संबंधित पोलीस हजरच राहिले नाहीत. ज्या आरोपांसाठी एका माणसाला बेड्या घालून रस्त्यावर झोपवले, ते आरोप सिद्ध करायला कोणी न्यायालयात आले नाही. जानेवारी २०२५ पासून मायामी-डेडचे पोलीस खाते निवडून आलेल्या शेरिफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, अखत्यारीत गेले. त्याचा या घटनेशी संबंध नाही, तो बदल आधीच ठरलेला होता.

कायद्यात काही सुधारणा होत आहेत का?

थोड्या. व्हर्जिनियाने २०२१ पासून आणि फिलाडेल्फिया शहराने २०२२ पासून किरकोळ कारणांसाठी गाडी अडवण्यावर बंधने घातली आहेत. माणूस अडवलाच गेला नाही तर हाणामारीचा प्रश्न येत नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बार्न्स विरुद्ध फेलिक्स या खटल्यात, जो टेक्सासमध्ये टोल थकवल्यावरून अडवलेल्या गाडीतून उद्भवला होता, एकमताने सांगितले की केवळ धोक्याचा तो एक क्षण न पाहता त्याआधी काय काय घडले, हे सगळे पाहावे. दिवाणी दाव्यात मात्र पोलिसांना मिळणारे मर्यादित कायदेशीर संरक्षण अजून कायम आहे. ज्या हक्काचा भंग झाला तो त्या वेळी स्पष्टपणे प्रस्थापित होता, हे दावा करणाऱ्याला दाखवावे लागते.

अमेरिकेत गाडी चालवणाऱ्या मराठी मंडळींनी काय करावे?

सर्वांत आधी, गाडीतून उतरू नये. महाराष्ट्रात शिट्टी वाजली की आपण गाडी कडेला घेतो, उतरतो, कागद घेऊन साहेबांकडे चालत जातो, आणि त्यात नम्रता असते. अमेरिकेत तीच कृती धोक्याची वाटते. नवीन असताना मला एका संध्याकाळी महामार्गावर अडवले, तेव्हा मी दार उघडून पाकीट काढायला मागच्या खिशात हात घालत पोलिसाच्या दिशेने दोन पावले टाकली होती. त्याचा ओरडण्याचा आवाज आणि कमरेकडे गेलेला हात मला आजही आठवतो. मी जागीच थिजलो, म्हणून निभावले.

इंजिन बंद करावे, अंधार असेल तर आतला दिवा लावावा, काच पूर्ण खाली करून ती तशीच ठेवावी आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवावेत. परवाना कुठे आहे ते आधी सांगावे, मग हात हलवावा. उतरायला सांगितले तर उतरावे. गाडीची झडती घेऊ का, असे विचारले तर नम्रपणे नकार देता येतो. पावती चुकीची वाटली तर वाद रस्त्यावर घालू नये. न्यायालयाची तारीख तिच्यावर लिहिलेली असते किंवा ती मागून घेता येते. भारतातून आलेले आईवडील सोबत असतील तर त्यांनाही हे मराठीत आधीच समजावून ठेवावे, कारण शेजारच्या सीटवरून काळजीपोटी दार उघडणारे बहुधा तेच असतात.